वरची पट्टी आणि मधला चेहरा : अंबाजोगाईतील एका फ्लेक्सच्या दुकानाविषयी

अंबाजोगाईच्या बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर फ्लेक्स छापून देणारे एक दुकान आहे. आमच्या वाचनालयाची कामे गेली काही वर्षे तिथेच होतात. दुकानाचे नाव मात्र येथे लिहीत नाही; सर्वच पक्षांची कामे घेणाऱ्या मालकाने तशी विनंती केली आहे, आणि पुढचा मजकूर वाचल्यावर ती रास्त होती हे वाचकांनाही पटेल. निर्णय आधीच सांगून टाकतो : छपाई चांगली, दर वाजवी, वेळ पाळली जाते, शुद्धलेखन कच्चे. परंतु आपल्या भागात कोणता नेता लोकांच्या मनात आहे आणि कोणता केवळ पक्षाच्या यादीत आहे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने छपाईचे काम नसले तरी या काउंटरपाशी तासभर बसावे, अशी माझी शिफारस आहे.

व्यवहार सरळ आहे. पुढे काउंटर, त्यामागे दोन संगणक आणि आतल्या खोलीत दहा फूट रुंदीचे छपाईयंत्र. दर चौरस फुटावर ठरतो. साध्या फ्लेक्सचा दर हॉटेलातल्या एका चहाच्या आसपास पडतो आणि जाड स्टार फ्लेक्सला त्याहून बराच अधिक. कडेला रिंगा मारून देण्याचे पैसे वेगळे घेत नाहीत. लाकडी चौकट आणि उभारणीची मजुरी मात्र वेगळी. मजकूर आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, नमुना मोबाइलवर येतो, आणि एकदा ‘ओके’ म्हटल्यावर निघालेली चूक गिऱ्हाइकाच्या माथी, हा नियम भिंतीवरच लिहिलेला आहे. जाड घ्यावा की साधा, याबाबत मालकाचा सल्ला प्रामाणिक असतो. दोन दिवसांच्या व्याख्यानासाठी त्याने आम्हाला महागडा फ्लेक्स कधी गळ्यात मारला नाही. खेड्यातले गिऱ्हाईक मात्र कार्यक्रमानंतरचा विचार करूनच येते. वाढदिवस उरकला की फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर किंवा कडब्यावर जाणार हे ठरलेले असते, त्यामुळे नेत्यापेक्षा पावसाचा अंदाज घेऊन जाडी निवडली जाते.

या दुकानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग वाढदिवस, निवडी, जयंत्या आणि स्वागताचे फलक यांतून येतो, हे उघडच आहे. अशा प्रत्येक फलकाचे तीन भाग असतात. वरच्या पट्टीत गोलांमध्ये बसवलेले पक्षाचे राष्ट्रीय नेते, प्रदेशाध्यक्ष, प्रभारी आणि पालकमंत्री. मध्ये ज्याच्यासाठी फलक लावायचा त्याचा मोठा फोटो. आणि खाली शुभेच्छुकांची रांग. वरच्या पट्टीचा क्रम पक्ष कार्यालयातून येतो आणि त्याला सगळेच ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. कोणाचा गोल कोणाच्या आधी, कोणाचा थोडा मोठा, नव्याने नियुक्त झालेल्या प्रभारींना जागा कुठे, यावर फोनाफोनी चालते. ज्या प्रभारींसाठी हे चालते त्यांचे नाव फलक छापून नेणाऱ्या तरुणाला पुष्कळदा विचारून घ्यावे लागते. मधल्या चेहऱ्याबाबत असे कधी होत नाही. तो कसा हवा हे त्याला पक्के ठाऊक असते : ‘वरचे बारके करा, सायबाला मोठं घ्या,’ एवढी एकच सूचना जवळजवळ प्रत्येक जण देतो.

फलक हातात आला की मालक आधी खालची रांग पाहतो, आणि या दुकानाकडून शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. खाली ‘तालुका शाखा’ एवढाच शब्द असेल तर पैसे वरून आलेले असतात, बिल एका नावाने होते आणि मुदतीनंतर वसूल होते. खाली वीस-पंचवीस बारीक चेहरे असतील, कोणी सलून चालवणारा, कोणी ट्रॅक्टरवाला, कोणी ग्रामपंचायतीला पडलेला, तर तो फलक वर्गणीचा असतो; प्रत्येकाने आपल्या चेहऱ्यापुरते पैसे दिलेले असतात आणि ते रोख मिळतात. पहिल्या प्रकारचा फलक पक्षाची हजेरी लावतो. दुसऱ्या प्रकारात माणसे स्वतःच्या खिशातून पैसे काढून एका चेहऱ्याखाली उभी राहतात. हा फरक दिल्ली-मुंबईच्या पक्ष कार्यालयांना लवकर दिसत नसावा, कारण त्यांच्याकडे जाणाऱ्या छायाचित्रात दोन्ही फलक सारखेच मोठे दिसतात.

त्या वरच्या पट्टीची खरी किंमत जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा कळली. दुकानाच्या संगणकावरचे जुने साचे एका रात्रीत निकामी झाले. धनुष्यबाण एकीकडे आणि मशाल दुसरीकडे, घड्याळ एकीकडे आणि तुतारी वाजवणारा माणूस दुसरीकडे, अशी फोल्डरांची वाटणी करावी लागली. परंतु डिझायनर तरुणाने तेव्हा जे केले ते पाहण्यासारखे होते : मधल्या चेहऱ्याला आणि खालच्या रांगेला त्याने हातच लावला नाही, फक्त वरची पट्टी काढून दुसरी बसवली. बहुतेक गावांत खालची रांग तशीच राहिली. बीडमध्ये २०२४ च्या लोकसभेला बजरंग सोनवणे यांनी ऐन निवडणुकीच्या तोंडावर अजित पवारांची साथ सोडून शरद पवारांचा पक्ष धरला आणि ते निवडूनही आले. पट्टी बदलणे ही मतदाराच्या लेखी आता गंभीर बाब राहिलेली नाही, आणि याचा दोष मी मतदाराला देणार नाही. ज्या पट्टीतील माणसे त्याच्या गावात कधी आलीच नाहीत, त्यांच्याविषयी त्याने निष्ठा का बाळगावी?

आता मधल्या चेहऱ्यांविषयी. अंबाजोगाई हे गाव परळी आणि लातूर यांच्या मध्ये असल्याने या दुकानात दोन दिवंगत नेत्यांचे फोटो कायम लागतात. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी गेले, विलासराव देशमुख १४ ऑगस्ट २०१२ रोजी. दोघांचीही छायाचित्रे दुकानाकडे मोठ्या आकारात, पार्श्वभूमी काढून, नमस्कार करताना, हात उंचावताना, हसताना, अशी सर्व प्रकारे तयार आहेत, आणि दोघांच्याही नावापुढे ‘लोकनेते’ हे विशेषण इतके ठरलेले आहे की ते साच्यातच आहे. एक भाजपचा आणि एक काँग्रेसचा, हा भेद मधल्या चेहऱ्याच्या बाबतीत फारसा उरत नाही. नाथ्र्यासारख्या लहान गावातून आलेल्या मुंड्यांमागे ऊसतोड मजूर उभा राहिला, कारण मजुरीच्या वाटाघाटींत साखर कारखानदारांसमोर आपल्या बाजूने बसणारा माणूस त्याला त्यांच्यात दिसला. बाभळगावच्या सरपंचपदापासून दोनदा मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेल्या विलासरावांच्या मिश्कील भाषणाला विरोधकही हसत. एकाच्या वाणीत आग होती, दुसऱ्याच्या वाणीत गुदगुल्या. पण समोरच्या माणसाला नावाने हाक मारण्याची हातोटी दोघांकडेही होती. या भागातील पंचायत समितीच्या माजी सदस्यांना विचारले तर ‘साहेबांनी मला गर्दीत ओळखले’ हीच आठवण बहुतेक जण सर्वांत आधी सांगतात.

याच अंबाजोगाईचे प्रमोद महाजन यांचा फोटो मात्र क्वचितच मागितला जातो, आणि हे मला विचार करण्यासारखे वाटते. वक्तृत्वात ते कोणालाही हार जाणारे नव्हते, संघटनेची जाण मुंड्यांपेक्षा कमी नव्हती, आणि दोघे परस्परांचे मेहुणे. परंतु महाजनांनी लोकसभेची निवडणूक मुंबईतून लढवली, १९९६ मध्ये जिंकली, १९९८ मध्ये हरली, आणि पुढे ते राज्यसभेच्या मार्गाने दिल्लीतील रणनीतीकार झाले. मुंडे दर आठवड्याच्या कटकटींसह परळीशी बांधलेले राहिले. वक्तृत्व दोघांकडे होते. लग्न, मौत, बोअरवेल, बदली यांसाठी दार ठोठावता येण्याची सोय एकाकडेच होती. करिष्मा म्हणतात तो बराचसा या सोयीचाच दुसरा चेहरा असावा.

लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर यांची गोष्ट याहून वेगळी. १९८० पासून सलग सात वेळा त्यांना लातूरने लोकसभेवर पाठवले, ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, त्यांचे संयत बोलणे आणि नीटनेटके राहणे देशभर परिचित झाले. २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा पराभव केला, आणि लगोलग काँग्रेसने त्यांना देशाचे गृहमंत्री केले. चाकूरकरांची योग्यता हा येथे प्रश्नच नाही. परंतु मतदाराने जो निरोप दिला तो पक्षश्रेष्ठींच्या दारापर्यंत पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही उघडला गेला नाही, एवढे त्यावरून दिसते. हीच सवय पुढे सर्व पक्षांना लागली. मतदाराने नाकारलेल्यांसाठी राज्यसभा आणि विधान परिषद या दोन खोल्या आता कायम सारवून ठेवलेल्या असतात.

दुकानावरचा माझा पहिला मोठा आक्षेप याच विषयाशी जोडलेला आहे. डिझायनर तरुणाला चेहरे उजळ करण्याची फार खोड आहे. आलेला प्रत्येक फोटो तो आधी गोरा करतो, सुरकुत्या पुसतो, मिशीचे पांढरे केस काळे करतो आणि मागे सूर्यकिरणे सोडतो. दिवसभर उन्हातून फिरलेल्या, घामाने सदरा पाठीला चिकटलेल्या माणसाला लोक ज्या रंगासाठी आपला मानतात तोच रंग तो काढून टाकतो. दुकानातून बाहेर पडणारे सर्व पक्षांचे सर्व इच्छुक त्यामुळे एकाच घरातील भाऊ वाटतात. मालकाला हे सांगितले तेव्हा त्याने गिऱ्हाइकालाच तसे हवे असते असे उत्तर दिले, आणि नव्या पिढीच्या ‘भावी आमदारां’बाबत ते खरेही असेल. परंतु जुने कार्यकर्ते मुंड्यांचा किंवा विलासरावांचा फोटो नेताना ‘हाय तसा ठेवा’ असे बजावतात, हेही मी याच काउंटरपाशी ऐकले आहे. गोरा करून घेण्याची गरज कोणाला पडते आणि कोणाला पडत नाही, यात बरेच काही आले.

याच दुकानातून २०२३ च्या ऑक्टोबरात जे फलक गेले, त्यांच्यावर एकही चेहरा नव्हता. १ सप्टेंबर रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, मनोज जरांगे पाटील हे नाव घरोघरी गेले, आणि पुढे मराठवाड्यातील गावागावांच्या वेशीवर राजकीय नेत्यांना गावबंदी असल्याचे फलक लागले. मजकूर दोन ओळींचा, अक्षरे मोठी, खाली ‘समस्त गावकरी’, आणि पैसे वर्गणीचे. वर्षानुवर्षे प्रोटोकॉलची पट्टी जुळवणाऱ्या दुकानाला पहिल्यांदाच पट्टी नसलेली कामे इतक्या मोठ्या संख्येने मिळाली. पक्षाचे पद नाही, कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, अशा माणसाच्या सभेला लोक स्वतःच्या गाड्यांत स्वतःचे डिझेल घालून जातात आणि मंत्र्यांच्या सभेला गाडी, नाश्ता आणि हजेरी लावणारा माणूस पाठवावा लागतो, हे सर्व पक्षांना त्या काळात दिसले. त्यातून त्यांनी काय घेतले ते वेगळे; बहुतेकांनी जरांगेंच्या भेटीचा स्वतःचा फोटो काढून घेतला आणि तो आमच्याच दुकानात छापायला पाठवला.

तरीही खालच्या रांगेवरून निवडणुकीचे भाकीत करण्याचा मालकाचा आत्मविश्वास मला मान्य नाही, आणि याबाबत आमचा वाद होतो. गर्दी आणि मत यांच्यामध्ये पुष्कळ काही घडत असते. विलासरावांना १९९५ मध्ये खुद्द लातूरने पाडले. शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी केलेला तो पराभव कोणत्याही फलकावर आधी दिसला नव्हता. १९९९ मध्ये त्याच लातूरने त्यांना परत आणले आणि ते मुख्यमंत्री झाले. मुंड्यांच्या निधनानंतर २०१४ च्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे जवळजवळ सात लाखांच्या फरकाने निवडून आल्या. त्याच घराण्याच्या पंकजा मुंडे यांच्या दसरा मेळाव्याला सावरगाव घाटात डोंगर भरून माणसे येतात, पण २०१९ मध्ये त्या परळीत हरल्या आणि २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये सुमारे साडेसहा हजार मतांनी मागे पडल्या. जरांगेंनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये उमेदवार उभे करण्याचा विचार शेवटच्या क्षणी सोडून दिला. लोकांचे प्रेम आणि लोकांचा हिशेब या दोन वह्या इथला माणूस वेगवेगळ्या ठेवतो. उलट बाजूचे उदाहरण नांदेडचे. अशोक चव्हाण यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश केला तेव्हा नेता आला म्हणजे मतदार आला, असे भाजपच्या वरच्या मंडळींनी धरून चालले असावे. काही महिन्यांत तिथे लोकसभेला काँग्रेसचे वसंतराव चव्हाण जिंकले. त्या निवडणुकीत मराठवाड्यातील आठपैकी एकच जागा महायुतीला मिळाली, छत्रपती संभाजीनगरची.

फ्लेक्सवर न खपणारा पण विसरता न येणारा नेता म्हणजे शंकरराव चव्हाण. शिस्तीमुळे त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. गर्दीला हसवणे, खांद्यावर हात टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुकानात त्यांचा एकच फोटो आहे, तोही कोणीतरी स्कॅन करून दिलेला. परंतु १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले पैठणचे जायकवाडी धरण त्यांच्या आग्रहाशिवाय उभे राहिले नसते, असे मानणारा शेतकरी आजही कालव्याकाठी भेटतो. जनतेपासून दूर असणे आणि जनतेसमोर नाटक न करणे, हे दोन निराळे दोष-गुण आहेत, आणि फलकांच्या जगात त्यांची सरमिसळ होते. आजचे जे नेते वातानुकूलित बैठकीत बसून जिल्ह्याचा उमेदवार ठरवतात, त्यांच्याकडे शंकररावांचा करिष्माविहीन कोरडेपणा तेवढा आला आहे. धरण मात्र आलेले नाही.

आमच्या वाचनालयाच्या कामाबाबत दुकानाची सेवा याच कारणाने थोडी डावी ठरते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी, म्हणजे १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी, आम्ही स्वामी रामानंद तीर्थ यांच्या फोटोचा फलक सांगितला. स्वामीजी याच गावात योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होते, येथील वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि निजामाच्या राजवटीत त्यांच्या एका शब्दावर तरुण पोरे घरदार सोडून बाहेर पडत. गल्लीतल्या इच्छुकाचे सहा कोनांतून काढलेले फोटो ज्या संगणकात आहेत, त्यात स्वामीजींचा फोटो इंटरनेटवरून उतरवलेला, बोटभर आकाराचा निघाला. तो दहा फुटांवर ताणल्यावर चेहऱ्याचे चौकोन झाले. शेवटी आम्ही वाचनालयातील जुन्या स्मरणिकेतून फोटो स्कॅन करून दिला, आणि मग काम उत्तम झाले. मजकुरात ‘मुक्तिसंग्राम’ची वेलांटी चुकली, जोडाक्षरेही फुटली; जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हे हमखास होते, त्यामुळे नमुना आला की ओळ न् ओळ तपासावी. छापण्याआधी तीन वेळा दुरुस्ती सांगितली तरी तिथे कोणी कपाळाला आठी घालत नाही, हे नमूद केले पाहिजे.

निवडणुकीच्या दिवसांत जाणाऱ्यांसाठी काही सूचना. प्रचाराच्या फलकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारक आहे, आणि हे दुकान त्याशिवाय यंत्र सुरू करत नाही. कोणत्याही गटाच्या दबावाला त्याबाबत भीक घालत नाही, ही त्याची सर्वांत चांगली बाजू. उमेदवाराच्या खर्चात फलक धरला जात असल्याने बिलही पक्के मिळते. ज्यांना ते नको असते, ते दुसरीकडे जातात. नगरपरिषदेची परवानगी आपली आपण काढावी लागते. या काळात खासगी कामाला रांगेत शेवटचा क्रमांक मिळतो, तेव्हा लग्नाचा किंवा व्याख्यानाचा फलक चार दिवस आधी सांगावा.

मतमोजणीच्या दिवशी दुकान पहाटेच उघडते. दोन्ही बाजूंच्या विजयाच्या फलकांचे साचे आदल्या रात्री तयार करून ठेवलेले असतात, दोघांचेही आगाऊ पैसे जमा असतात, आणि शेवटच्या फेऱ्या येईपर्यंत यंत्र सुरू होत नाही. हरलेल्या बाजूचे आगाऊ पैसे परत मिळत नाहीत. तसे पावतीवर छापलेले आहे.